हिंजवडीची नोकरी आणि साडेसातची तालीम

तुझा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. वय २९. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, एकाच कंपनीत साडेचार वर्षं. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, प्रकाशयोजना केली आणि तेव्हापासून ते वेड सुटलेलं नाही. मित्रांच्या एकांकिका, दोन-तीन प्रायोगिक नाटकं एवढं काम नावावर. वाकडला फ्लॅट, हप्ता ३४,००० रुपये. बायको शाळेत शिक्षिका, आई-वडील सांगलीला. आणि शेवटी तू विचारतोस, "पाच दिवस नुसती हजेरी लावतो, जगतो शनिवार-रविवारी. नोकरी सोडून पूर्णवेळ लाईट्स करू का, की हे खूळ एकदाचं डोक्यातून काढून टाकू?"

मी एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. ती सगळी वर्षं पुण्यातल्या प्रायोगिक नाटकांना आणि नृत्याच्या कार्यक्रमांना लाईट्स केले, अजूनही करते. वयानं तुझ्या आईपेक्षा मोठी असेन, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

सोडू की नको, हे आत्ता ठरवूच नकोस. तुझ्या पत्रात त्याहून महत्त्वाचं एक वाक्य आहे आणि ते तू जाता जाता लिहून गेलायस: "संध्याकाळी अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल असतो, तो संपेपर्यंत साडेनऊ-दहा होतात." मला विचारशील तर तुझं सगळं दुखणं या एका ओळीत आहे.

पुण्यात तालीम साडेसातला का सुरू होते? कारण ऑफिसं साडेपाच-सहाला सुटायची. माणसं घरी जायची, चहा घ्यायची, पोरांच्या वह्यांवरून नजर फिरवल्यासारखं करायची आणि पेठेत पोचायची ती साडेसातला. इथल्या हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीचं अख्खं वेळापत्रक नोकरदारांनी स्वतःच्या सोयीनं बांधलेलं आहे. बँका, एलआयसी, पोस्ट, टेल्को, शाळा, सरकारी दवाखाने, जिथून म्हणून महिन्याच्या महिन्याला पगार येतो तिथून माणसं यायची. डॉक्टरांची तर रांगच होती. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. भालबा केळकरांबरोबर पीडीए या नाट्यसंस्थेत नाटकं करायला लागले ते पन्नासच्या दशकात, आणि पूर्णवेळ नट झाले १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दवाखाना दौंडला. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, बी. जे. मेडिकलला शिकवायचे. सतीश आळेकर त्याच कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरीला होते. नाटक ही त्यांची नोकरीसुद्धा झाली ती १९९६ मध्ये, विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाल्यावर. ही मोठी माणसं, त्यांची उदाहरणं देऊन मी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाहीये. एवढंच सांगतेय की या गावात नोकरी करून नाटक करणं ही तडजोड मानली जात नव्हती. रीतच ती होती.

आता तुझा कॉल बघ. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. माणसं तिकडे कामावर येतात आणि इथे आपली तालीम सुरू होते. तुझी नोकरी माझ्या नोकरीपेक्षा जास्त तासांची असेलच असं नाही, पण ती नेमकी तालमीच्या तासांवर येऊन बसली आहे. त्यावर हिंजवडी ते टिळक रोड हा संध्याकाळचा प्रवास, त्याबद्दल मी काय बोलू, तूच रोज भोगतोस.

म्हणून पहिलं काम असं, की नोकरी सोडण्याच्या आधी नोकरीतली जागा बदल. त्याच कंपनीत ऑस्ट्रेलिया किंवा जपानचा प्रोजेक्ट असेल तर दिवस पहाटे सुरू होतो आणि दुपारी तीन-चारला तू मोकळा होतोस. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, सिडनी साडेचार ते साडेपाच. युरोपच्या क्लायंटच्या बैठका बहुतेक त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या दुपारी होतात. अधूनमधून उशीर होईल, पण रोज नाही. भारतातला क्लायंट मिळाला तर उत्तमच, अर्थात तिथले लोक रात्री अकरालाही फोन करतात, तो भाग वेगळा. अशी बदली मागताना मॅनेजरला नाटकाचं प्रवचन देऊ नकोस. "संध्याकाळी साडेसहानंतर मला रोजचा कॉल नको, त्या बदल्यात सकाळची शिफ्ट घेतो" एवढं सांग. तुझ्या जागी संध्याकाळची शिफ्ट हवी असलेला कोणीतरी टीममध्ये असतोच, ज्याला सकाळी लवकर उठवत नाही. आणि बदली मिळायला सहा-आठ महिने लागले तरी ते सहा-आठ महिने वाया गेले असं समजू नकोस. ते का, खाली येईलच.

याची किंमत असते, हेही ऐकून ठेव. बँकेत क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली ठरलेली. मग जळगाव काय, रत्नागिरी काय, बँक पाठवेल तिकडे जायचं. माझ्या वेळी पुण्यातल्या नाटकवाल्या, गाणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या कित्येक क्लार्कांनी प्रमोशनची परीक्षाच दिली नाही, किंवा मिळालेलं प्रमोशन नाकारलं. मीही त्यातलीच. बरोबर लागलेली मैत्रीण मुख्य व्यवस्थापक होऊन निवृत्त झाली. तिच्या आणि माझ्या पेन्शनमध्ये चांगलाच फरक आहे आणि तो दर महिन्याच्या शेवटी पासबुकात दिसतो. तुमच्याकडे बदल्या नसतात, पण ऑनसाइट, म्हणजे क्लायंटकडे परदेशी जाणं असतं, टीम लीड असतं, हाताखाली माणसं येणं असतं. ज्या दिवशी तू लीड होशील त्या दिवसापासून इतरांच्या चुकांचे फोन तुला येणार. एखादी बढती सोडावी लागेल. मित्रांच्या नव्या गाड्या बघून ती सोडता येते का, हे स्वतःला विचारून बघ; माझ्या मते नोकरी सोडण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात टाळ्या मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट म्हणजे ऑन-कॉल, कामाची वेळ संपल्यावरही फोन आला की हजर व्हायची पाळी. मध्यंतरी माझ्याकडे ऑपरेटिंगला, म्हणजे प्रयोगात दिवे चालवायला, एक मुलगा होता, तुझ्यासारखाच आयटीतला, हात अतिशय सफाईदार. भरत नाट्य मंदिरात प्रयोग होता. आधीचा कार्यक्रम लांबल्यामुळे थिएटर उशिरा ताब्यात आलं. शिडी लावून मी त्याला वर पाठवलं, तो वरच्या दुसऱ्या आडव्या बारवरचा प्रोफाइल, म्हणजे कडा कापता येणारा दिवा, फोकस करत होता, खाली एक मुलगी खुर्चीत नायिकेच्या जागी बसलेली, मी विंगेतून "अजून डावीकडे, शटर जरा आत घे" असं ओरडतेय, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. मग परत वाजला. शिडीवर एका हातानं तापलेला दिवा धरून दुसऱ्या हातानं तो फोनवर म्हणत होता, "हो, लॉग बघतो, दहा मिनिटं द्या." सर्व्हर कुठला तरी बसला होता. त्या रात्री त्यानं क्यू, म्हणजे दिवे बदलायची खूण, एकही चुकवला नाही, पण मध्यंतरात मांडीवर लॅपटॉप होता आणि तिसऱ्या घंटेला तो बंद करताना त्याचा चेहरा मी पाहिला. पुढच्या नाटकाला तो आला नाही. ऑन-कॉलचा आठवडा आणि प्रयोग यांची गाठ पडू द्यायची नाही. रोस्टर महिनाभर आधी लागतं ना? मग तारीख देताना रोस्टर उघडून दे. आणि दिवाळीतला किंवा ३१ डिसेंबरचा ऑन-कॉल, जो कोणालाच नको असतो, तो स्वतःहून माग. त्याच्या बदल्यात वर्षभरात हवे ते शनिवार मिळतात.

आता पूर्णवेळचं बोलू. तुझ्या मनात पूर्णवेळ म्हणजे रोज सुदर्शन रंगमंचावर नवं नाटक, नवा दिग्दर्शक, संहितेवर चर्चा, असं चित्र दिसतंय. पुण्यात पूर्णवेळ प्रकाशयोजना करून पोट भरणारे जे मला माहीत आहेत, त्यांचं वर्ष असं असतं. नोव्हेंबर ते जानेवारी शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं आणि कंपन्यांचे वार्षिक समारंभ. लग्नसराईत 'संगीत', म्हणजे लग्नाआधीच्या नाचगाण्याचे कार्यक्रम. मे महिन्यात बालनाट्यं. वर्षभर अधूनमधून कथक आणि भरतनाट्यमच्या क्लासांचे कार्यक्रम. यातली काही कामं फार सुंदर असतात, पण बरीचशी म्हणजे सत्तर मुली, चौदा नाच आणि प्रत्येक आईला स्वतःच्या मुलीचा चेहरा फोटोत उजळ हवा. ऐन पावसाळ्यात काम मंदावतं. या सगळ्यात प्रायोगिक नाटक बसतं ते उरलेल्या जागेत. वाईट काही नाही त्यात, हात तयार होतो, मूव्हिंग हेड (फिरते दिवे) आणि मोठे कन्सोल (दिवे चालवायची यंत्रं) हाताळायला मिळतात. पण ते तुला हवंय का?

हिशेब मांडून बघ. समजा घरखर्च हप्त्यासकट ८०,००० आणि बायकोचा पगार ३५,०००. तुला महिन्याला ४५,००० आणायचे, वर्षाचे ५,४०,०००. समजा एका नाइटचे, म्हणजे एका कार्यक्रमाचे, सगळा खर्च जाऊन हातात सरासरी ४,००० पडले, हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल धरलाय, तर वर्षाला १३५ नाइट लागतील. आठवड्याला अडीचहून जास्त, तेही बाराही महिने, पावसाळा आणि परीक्षांचे दिवस धरून. एखाद्या प्रायोगिक नाटकाचे वर्षात किती प्रयोग लागतात ते तुला माहीत आहे. म्हणजे १३५ मधल्या बहुतेक नाइट स्नेहसंमेलनाच्या आणि संगीतच्या. आज तू पगाराच्या जोरावर "हे मला नको" म्हणू शकतोस. नोकरी सोडलीस की पहिली गोष्ट जाते ती ही. पुण्यातलं प्रायोगिक नाटक इतकी वर्षं प्रायोगिक राहू शकलं, कारण ते करणाऱ्यांची चूल त्या तिकिटांवर पेटत नव्हती. पन्नास प्रेक्षकांसमोर प्रयोग झाला तरी सोमवारी सकाळी प्रत्येक जण कामावर जाऊन सही करायचा.

पण म्हणून नोकरी धरून सगळंच करता येतं असं मी म्हणणार नाही. व्यावसायिक नाटकाचा दौरा करता येत नाही. कोल्हापूर-सांगली-बेळगाव-गोवा असे सलग आठ-दहा दिवस, आणि बुधवारी दुपारी फोन येतो की शुक्रवारी निघायचंय. एखाद्या मोठ्या प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली सहायक म्हणून वर्ष-दोन वर्षं राहता येत नाही. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येत नाही. जगात कुठे काय चाललंय ते दोन-दोन महिने फिरून बघता येत नाही. यातलं काही तुला मनापासून हवं असेल तर नोकरी आड येणारच आणि मग कधीतरी ती सोडायला लागेल. तुझ्या पत्रात मात्र यातलं एकही नाव नाही. "पूर्णवेळ" हा शब्द पाच वेळा आलाय आणि पूर्णवेळ काय करायचं हे एकदाही नाही. ते आधी लिहून काढ, नाटकांची नावं घालून, कोणाबरोबर काम करायचंय त्यांची नावं घालून.

कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे पैशांबद्दल जरा जास्त बोलेन, कंटाळू नकोस.

पगारदार माणसाकडे बँक ज्या नजरेनं बघते, ती नजर राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी बदलते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला कर्ज देताना आम्ही दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतो आणि नव्या व्यावसायिकाकडे ती नसतातच. म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत कमी व्याजानं वळवायचं असेल, मुदत वाढवून हप्ता कमी करून घ्यायचा असेल, तर ते पगाराच्या स्लिपा हातात असतानाच उरकून घे. बायको सहकर्जदार आहे का तेही बघ. असेल तर तिच्या सिबिलवरही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही, प्रत्येक चुकलेला हप्ता उमटणार आहे आणि हे तिला माहीत असायला हवं. वर्षाचे हप्ते, म्हणजे ४,०८,००० रुपये, वेगळ्या ठेवीत टाकल्याशिवाय सोडण्याचा विषयसुद्धा काढू नकोस. त्या ठेवीला हात लावायचा नाही, कन्सोल स्वस्तात मिळतोय म्हणूनही नाही.

तुझी साडेचार वर्षं झाली आहेत. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४०,००० धरला तर पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० रुपये होतात. सहा महिन्यांसाठी एवढे पैसे कोण सोडतं? पीएफचंही तसंच, पाच वर्षांच्या आत काढलास तर त्यावर कर लागतो. खरं तर नंतरही काढू नकोस. वर बदलीसाठी सहा-आठ महिने लागले तरी चालतील म्हणाले ते यासाठीच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मेडिक्लेममध्ये. बऱ्याच कंपन्यांच्या गट विम्यात आई-वडील पहिल्या दिवसापासून, जुन्या दुखण्यांसकट धरलेले असतात, त्यामुळे स्वतंत्र पॉलिसीची आठवण कोणाला येत नाही. नोकरी गेली की ते छत्र जातं. नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, आता तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. सांगलीला वडिलांना मधुमेह असेल तर आजच, नोकरीत असतानाच, त्यांची वेगळी पॉलिसी घे म्हणजे तो काळ पगार चालू असताना सरेल.

आता तू भीत भीत विचारलेला मुद्दा: कंपनीला कळलं तर? २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोच्या अध्यक्षांनी ३०० जणांना काढल्याचं सांगितलं तेव्हापासून तुम्ही सगळे घाबरलेले आहात. ती माणसं प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होती. तू भरत नाट्यला दिवे लावतोस. त्याच वर्षी इन्फोसिसनं वरिष्ठांची परवानगी घेऊन, कंपनीच्या हिताआड येणार नाही असं बाहेरचं काम करायला मुभा दिली होती. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतसुद्धा अधूनमधून केलेल्या साहित्यिक-कलाविषयक कामाला, कर्तव्यात कसूर होणार नसेल तर, जागा ठेवलेली आहे. पण खासगीत सगळं नेमणूकपत्रावर अवलंबून असतं. ते काढ, "इतर कोणतेही काम, मोबदला घेऊन वा न घेता" असलं वाक्य आहे का बघ, आणि असलं तर एचआरला चार ओळींचा मेल टाकून लेखी परवानगी घे. नाटकाच्या लाईट्सना नाही म्हणणारा एचआर विरळा. लपवून करू नकोस. आयोजकानं टीडीएस कापला की ती रक्कम तुझ्या पॅनवर दिसायला लागते. विवरणपत्रही मग साधं आयटीआर-१ चालत नाही, व्यवसायाचं उत्पन्न दाखवावं लागतं. सीएला एकदा भेट, दरवर्षीचा घोर मिटेल. नोकरी सोडल्यावर व्यवसाय कराची, वर्षाला २,५०० रुपयांची, नोंदणी स्वतःच्या नावानं करावी लागते, तेही त्यालाच विचार. जीएसटीचा सेवांसाठीचा उंबरठा २० लाखांचा आहे, ती चिंता तूर्त राहू दे.

बदली मिळेपर्यंत काय करायचं? फुकट काम बंद. पुण्यात "अरे आपल्याच ग्रुपचं आहे" हे वाक्य फार महाग पडतं. ज्या संस्थेनं तुला उभं केलं तिचं एक नाटक वर्षाला बिनपैशांचं कर, ते देणं आहे. बाकी सगळ्यांना आकडा सांग, आणि फोनवर सांग, तालमीच्या कट्ट्यावर चहा पिताना नाही. त्यात डिझाइनचे वेगळे, प्रत्येक नाइटचे वेगळे, भाड्याच्या दिव्यांचे आणि टेम्पोचे वेगळे. लिहून पाठव. "मग बघू" म्हणणारे गळतील, ते गळलेलेच बरे. आयटीतला आहे म्हणजे याला पैशांची गरज नाही, असा एक समज नाटकवाल्यांत आहे आणि तू स्वस्तात काम करून तो पोसतोयस. शिवाय त्यानं पूर्णवेळ काम करणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय येतो.

वर्षाला स्वतःची दोनच डिझाइन्स घे. जास्त घेतलीस तर सगळीकडे नुसता सारखा उजेड (वॉश) टाकून मोकळा होशील, वेळच मिळणार नाही. उरलेल्या तारखांना तुझ्याहून जाणत्या माणसाचं ऑपरेटिंग कर. डिझाइन करताना आपण स्वतःचंच बघतो. दुसऱ्याचे क्यू शंभरदा वाजवताना कळतं की हा फेड आठ सेकंदांचा का आहे आणि पाचचा का नाही.

आणि कॉलच्या दिवसांत, घरी, रात्री अर्धा-पाऊण तास मिळाला तरी त्यात होणारी कामं आहेत. संहिता वाचून प्रत्येक प्रवेशात उजेड कुठून येतोय ते समासात लिहिणं. लाईट प्लॉट, म्हणजे कुठला दिवा कुठे त्याचा नकाशा, काढणं. ग्रँडएमए या कन्सोलचं संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, त्यात क्यू बसवून बघणं. यात तुझ्यासारखा टेस्टर माझ्यासारखीला सहज मागे टाकेल. जुन्या हॅलोजनच्या दिव्याचा वीजपुरवठा कमी करत नेला की तो केशरी होत होत विझतो. एलईडी तसं करत नाही, तो नुसता अंधारतो, रंग तोच. मग संध्याकाळ दाखवायला एलईडीत त्या प्रत्येक टप्प्यावर रंग हातानं घालावा लागतो. हे घरच्या दोन दिव्यांवर आणि एका पांढऱ्या चादरीवर शिकता येतं. ज्यासाठी थिएटर लागतं, माणसं लागतात, ते शनिवारी. ज्यासाठी फक्त डोकं लागतं ते मंगळवारी. तू उलट करतोयस, शनिवारी थिएटर ताब्यात आल्यावर विचार करायला बसतोस, असं तुझ्याच वर्णनावरून वाटलं.

घरचं थोडक्यात. बायकोची शाळा, तिचे पेपर तपासणं, तुझा शनिवार-रविवार नाटकात. मग ती माणूस म्हणून तुला भेटते कधी? माझ्या घरी सोमवारची संध्याकाळ ठरलेली असायची, त्या दिवशी तालीम घ्यायची नाही म्हणजे नाही. दिग्दर्शक चिडायचे. सांगलीला मात्र आत्ताच काही सांगू नकोस. न सोडलेल्या नोकरीवरून घरात वर्षभर रडारड कशाला?

हे सगळं करून वर्ष-दीड वर्षानंतरही सोडावंसं वाटलं, तर एकदम राजीनामा न टाकता बिनपगारी रजा माग. काही कंपन्यांत दोन-तीन महिन्यांची मिळते, अर्ज सप्टेंबरातच टाक. नोव्हेंबर ते जानेवारी घे. मुद्दाम हेच महिने, कारण हाच धंद्याचा खरा हंगाम. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही त्याच सुमारास असते. संमेलनं घे, संगीतचा एखादा कार्यक्रम घे, रात्री साडेनऊचा प्रयोग संपवून दोन वाजता टेम्पोत सामान भर आणि सकाळी नऊला शाळेच्या मैदानावर दिवे टांगायचा सांगाडा (ट्रस) उभा करायला हजर राहा. मानधनाचा प्रत्येक रुपया वहीत लिही, कबूल झालेला वेगळा आणि हातात आलेला वेगळा. फेब्रुवारीत ती वही, आणि तू आधी लिहून ठेवलेली नाटकांची-माणसांची यादी, दोन्ही शेजारी ठेवून बायकोबरोबर बस. त्या तीन महिन्यांत तुला आधी न ओळखणाऱ्या किती जणांनी फोन केला, आणि यादीतल्या किती जणांबरोबर काम झालं, हे दोन आकडे काढ. पहिला मोठा आणि दुसरा शून्य असेल तर परत कामावर रुजू हो आणि जपानचा प्रोजेक्ट सोडू नकोस. दोन्ही बरे असतील तर ये माझ्याकडे, नोटिशीचा काळ नव्वद दिवसांवरून कमी कसा करून घ्यायचा ते बोलू.